पहिली स्की-सहल, सोबत आजी आणि सहा वर्षांचं पोर: जपानात कुठे जावं, कधी जावं

एका कुटुंबाचं पत्र आलंय, त्यातला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं कुटुंब. नवरा-बायको चाळिशीतले, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि सोबत ६८ वर्षांच्या आजी. गुलमर्गला एक दिवस भाड्याच्या स्कीवर घसरून झालंय, बाकी अनुभव शून्य. आजी शुद्ध शाकाहारी. मनात निसेको (जपानच्या होक्काइदो बेटावरचं नावाजलेलं स्की-ठिकाण), तारखा नाताळ ते नववर्ष, हातात आठ दिवस, आणि त्यातच टोकियोही बसवायचंय. जमेल का, आणि पैसे कुठे वाचतील?

मी हिवाळाभर जपानात नवशिक्यांना स्की शिकवतो आणि आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांना बेत आखायला मदत करतो. सरळ सांगायचं तर जमेल. पण निसेको नको आणि नाताळही नको. पहिल्या सहलीचं ठिकाण निवडताना बर्फ किती चांगला हे बघायचं नसतं, आपल्यातला सगळ्यात कच्चा माणूस तिथे दिवसभर काय करणार हे बघायचं असतं. तुमच्या घरात तर पाचही जण कच्चे आहेत, त्यातल्या एक स्की करणारच नाहीत.

निसेकोचं नाव झालं ते बर्फामुळे, आणि ते खोटं नाही. हिवाळ्यात सैबेरियाकडून सुटणारे कोरडे, गारठलेले वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांना आपटून ते बर्फाच्या रूपात ओततात. होक्काइदो बेट उत्तरेला, तिथलं तापमान शून्याच्या बरंच खाली, म्हणून तिथला बर्फ हलका आणि सुका राहतो. मुठीत दाबला तर तूप कमी पडलेल्या बेसनाच्या लाडवासारखा फुटतो. या ‘पावडर’साठी ऑस्ट्रेलियापासून लोक येतात. पण पावडर ही ज्याला वळता आणि थांबता येतं त्याची मजा आहे. नवशिक्या गुडघाभर पावडरमध्ये पडला की दहा मिनिटं निसटलेली स्की शोधत बसतो. तुमचे स्कीचे सगळे दिवस पायथ्याच्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर जाणार, आणि तसा उतार जपानच्या बहुतेक रिसॉर्टमध्ये असतो. मग निसेकोच्या दराने पैसे का मोजायचे? शिवाय टोकियोहून होक्काइदोच्या शिन-चितोसे विमानतळापर्यंत विमान, तिथून बसने अडीच-तीन तास, वर हिमवादळाने विमान रखडण्याची शक्यता. आठातले दोन दिवस प्रवासातच जातील. आणि फोटोत दिसतो तो योतेई डोंगर जानेवारीत बरेचदा ढगात दडलेला असतो.

एक गोष्ट मात्र जपानात सगळीकडेच तुमच्या बाजूची आहे. गुलमर्गचा गोंडोला चार हजार मीटरच्या जवळपास नेतो, तिथे धाप लागते. निसेकोचा अन्नुपुरी डोंगर १३०८ मीटर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही बुटका. हाकुबाच्या हाप्पो-ओने रिसॉर्टमधली सगळ्यात वरची लिफ्ट १८३१ मीटरवर पोचते. कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. आजींना विरळ हवेचा त्रास होईल ही काळजी मनातून काढून टाका. काळजी करायचीच असेल तर रस्त्यावरच्या गोठलेल्या पाण्याची करा. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता तारखा. नाताळात मुख्य बेटावरच्या रिसॉर्टमध्ये पायथ्यापर्यंत पुरेसा बर्फ साचलेला असेलच याची खात्री नसते. एखाद्या वर्षी भरपूर, एखाद्या वर्षी खालचे उतार अर्धे बंद, आणि खालचे उतारच तर तुम्हाला हवेत. वर २९ डिसेंबर ते ३ जानेवारी जपानचीच नववर्षाची सुटी. त्या दिवसांत खोल्या महाग, शिकवण्यांचे वर्ग भरलेले, गाड्यांना गर्दी. पुढे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यापर्यंत चिनी नववर्ष येतं तेव्हाही तेच. त्याची तारीख दरवर्षी बदलते, बुकिंगआधी बघून घ्या. जपानी लोकांचे जोडून सुटीचे शनिवार-रविवारही टाळा. जानेवारीचा दुसरा सोमवार तिथे सुटीचा असतो, ११ आणि २३ फेब्रुवारीलाही सुटी असते.

शाळा बुडवायची तयारी असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. नसेल तर परीक्षा संपल्यावर मार्चचा शेवटचा आठवडा घ्या. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, त्यांना वाटतं मार्चमध्ये बर्फ वितळला असेल. हाकुबातले मोठे रिसॉर्ट मेच्या सुरुवातीपर्यंत चालतात. मार्चअखेरीस सकाळी बर्फ कडक असतो, अकरानंतर मऊ होतो, दुपारी तीनला शिऱ्याचा गोळा. सराईत लोक नाकं मुरडतात. नवशिक्याला मात्र मऊ बर्फात वेग कमी मिळतो आणि पडल्यावर लागतही कमी. आकाश निवळलेलं असतं, ‘उत्तर आल्प्स’ म्हणतात ती जपानी डोंगररांग स्वच्छ दिसते, सहा वर्षांचं पोर गारठून रडत नाही. दर उतरलेले असतात. परतताना टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, फुललेला सापडला तर तो वरचा नफा. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी डोळे मिटून मार्च सांगतो.

ठिकाण म्हणून मी हाकुबा सुचवेन, आणि त्यातही राहायला त्सुगाइके. हाकुबा हे एक रिसॉर्ट नव्हे, नागानो प्रांतातलं अख्खं खोरं आहे. वेगवेगळे दहा स्की-डोंगर, त्यांना जोडणाऱ्या बसगाड्या. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकची डाउनहिल शर्यत आणि स्की-जंप इथेच झाली. शर्यत झाली तो हाप्पो-ओने नवशिक्याला जड जातो, नावाला भुलून पायथ्याचं हॉटेल तिथे घेऊ नका. त्सुगाइकेचा खालचा उतार मैदानासारखा रुंद आणि मंद आहे. वळता आलं नाही तरी धडकण्यासारखं आसपास फारसं काही नसतं. टोकियोहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागानो दीड-पावणेदोन तास, काही गाड्या त्याहून लवकर पोचतात. स्टेशनच्या पूर्व दारातून हाकुबाची बस, ती सव्वा-दीड तास धरा. विमानतळांवरून थेट बसही आहेत, पण आजी आणि लहान मुलासोबत मी रेल्वेच घेईन.

गाडी भाड्याने घेऊ का, असं प्रत्येक जण विचारतो, कारण जपानातही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असते. नको. काळ्या डांबरावर न दिसणाऱ्या बर्फाच्या पापुद्र्यावर ब्रेक मारण्याची सवय मुंबई-नाशिक महामार्गावर होत नाही.

इतर ठिकाणांबद्दल दोन-दोन वाक्यं. मुक्काम टोकियोतच ठेवून बर्फ फक्त चाखायचा असेल तर गाला युझावा. शिनकान्सेनच्या स्टेशनातच स्की-केंद्र आहे, उतरायचं, कपडे-बूट भाड्याने घ्यायचे, गोंडोलात बसायचं. टोकियोपासून साधारण सव्वा तास. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा तीन दिवसांचा टोकियो वाइड पास तिथे चालतो, नागानोपर्यंत मात्र चालत नाही, यात लोक फसतात. नोझावा ओनसेन माझं लाडकं गाव. तेरा सार्वजनिक गरम पाण्याची न्हाणीघरं, १५ जानेवारीचा अग्नी-उत्सव, जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या. पण गल्ल्या चढाच्या आणि निसरड्या, म्हणून आजींसोबत नको. मुलं मोठी झाली की नक्की जा. करुइझावात बर्फ बराचसा यंत्राने बनवलेला, ऊन भरपूर, बाजार हाताशी. ज्यांना स्कीपेक्षा सुटी हवी त्यांनी जावं.

आठ दिवसांत चारच दिवस बर्फावर ठेवा, त्यातही सलग दोनांपेक्षा जास्त नको. टोकियोत उतरल्यावर एक रात्र झोप. दुसऱ्या दिवशी नागानो, स्टेशनजवळचं झेनकोजी मंदिर बघून संध्याकाळी हाकुबा. मग दोन दिवस स्की, एक दिवस आराम, पुन्हा दोन दिवस स्की, उरलेला वेळ टोकियो. तिसऱ्या दिवशी मांड्या अशा दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तेव्हा हट्टाने उतारावर गेलेल्यांच्याच गुडघ्याला इजा होते, दमलेला पाय वळत नाही. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून ‘ताक्क्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या सेवेने थेट हाकुबाच्या हॉटेलवर पाठवून द्या. काळ्या मांजरीच्या चिन्हाची गाडी दुसऱ्या दिवशी पोचवते. सोबत एका रात्रीपुरती पिशवी ठेवा. ही सोय घेतली नाही तर शिनकान्सेनच्या फलाटावर पाच बॅगा, दोन मुलं आणि आजी असं चित्र होतं.

पैसे कशावर घालवायचे? शिक्षकावर. मोठ्यांना निदान दोन अर्धे दिवस, मुलांना पहिले दोन्ही दिवस. नवरा-बायकोने एकमेकांना शिकवायचं नाही आणि मुलांना तर मुळीच नाही. यूट्यूब बघून येणाऱ्यांना मला आधी शिकलेलं विसरायला लावावं लागतं. इंग्रजीतून शिकवणारे वर्ग हाकुबात सहज मिळतात. गटातला अर्धा दिवस माणशी दहा ते पंधरा हजार येन धरा. शंभर येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये, विनिमयदर बघून घ्या. दिवसभराचा खासगी शिक्षक एक लाख येनपर्यंत जाऊ शकतो, त्याची तुम्हाला गरज नाही. मुलाला मुलांच्या गटात टाका. मराठी येणारा शिक्षक हवा असा आग्रह धरू नका. सहा वर्षांच्या पोराला भाषा लागत नाही, तो पुढच्या पोराची नक्कल करतो आणि दुपारपर्यंत तुमच्या पुढे निघून जातो.

बचत करायची ती लिफ्टच्या तिकिटावर. पहिल्या दिवशी दहा डोंगरांचं तिकीट घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. दिवसभर तुम्ही सरकत्या पट्ट्यावर आणि एका छोट्या लिफ्टवर असाल. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांचं किंवा काही तासांचं स्वस्त तिकीट असतं, खिडकीवर विचारा. निसेकोचं चारही भागांचं दिवसाचं तिकीट आता दहा हजार येनच्या वर गेलंय, यावरून किती वाचेल ते कळेल. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट आणि जॅकेट-पँट भाड्याने घ्या. गॉगल, हातमोजे, मोजे आणि आतले थर्मल मात्र स्वतःचे असावेत, ते डेकॅथलॉनमधून इथूनच आणा. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत, लोकरीचे चालत नाहीत. मुलाला दोन जोड. जीन्स आणि सुती बनियन नको, घामाने भिजलं की वाळत नाही आणि मग थंडी हाडात शिरते.

बुटांवर थोडं थांबतो, कारण पहिला दिवस सुखाचा की रडका हे बूट ठरवतात. स्कीचा बूट आरामशीर वाटला तर तो मोठा आहे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं मागे सुटली पाहिजेत, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. आत एकच पातळ, लांब मोजा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालणारे हमखास पाय बधिर करून घेतात, कारण रक्त अडतं. थर्मलची नळी बुटात खोचायची नाही, तिची घडी नडगीला दोन तासांत सोलते. दुकानदार वजन, उंची, वय विचारेल. वजन लाजून कमी सांगू नका. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराला सुटावा हे त्यावरून लावतात, आणि चुकीच्या आकड्याची किंमत गुडघा मोजतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक खास सूचना. मांड्या आणि तोल तुमच्याकडे तयार असतात, तरी शिकायला तुम्हीच जास्त वेळ घेता. घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो, बसत बसत उतरतो. स्कीवर तेच केलं की पुढची टोकं हलकी होतात आणि स्की पळत सुटते. इथे छाती उताराकडे, वजन पुढे. मन ओरडून नको म्हणतं, पण तसं केल्यावरच ताबा येतो. तयारी म्हणून जायच्या दोन महिने आधीपासून उठाबशा, भिंतीला पाठ लावून खुर्ची, आणि लिफ्ट सोडून जिने, एवढं पुरे. स्नोबोर्डचा विचार या वेळी सोडा. त्यात पहिले दोन दिवस ढुंगणावर आणि मनगटावर जातात.

आजींचं काय, हा प्रश्न पत्रात एका ओळीत आलाय, पण बेत त्यावरच ठरावा. हाकुबातल्याच इवाताके डोंगराचा गोंडोला स्की न करणाऱ्यांनाही वर नेतो, वर आल्प्ससमोर गच्ची आणि कॅफे आहे. तिथे त्यांचा एक अर्धा दिवस मजेत जाईल. झेनकोजीचं आत्ताचं मुख्य मंदिर १७०७ चं आहे. गाभाऱ्याखालचा काळोखी बोळ भिंतीला हात लावत पार करायचा असतो, कडीला हात लागला तर पुण्य. आजींना हे कदाचित बर्फापेक्षा जास्त आवडेल. आरामाच्या दिवशी सगळे जण गरम कुंडात बसणारी माकडं बघायला जिगोकुदानीला जातात, पण बस सोडल्यावर बर्फातल्या पायवाटेने अर्धा तास चालावं लागतं. आजींच्या बुटांना रबरी पट्ट्याचे काटे लावा, दुकानात सहज मिळतात, नाहीतर त्यांना त्या दिवशी हॉटेलातच ओनसेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नान, घेऊ द्या. ओनसेनमध्ये कपडे न घालता, आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करून मगच कुंडात उतरायचं असतं, बायका-पुरुष वेगळे. आपल्या आजींना हे पचणार नाही असं गृहीत धरून ‘काशिकिरी’, म्हणजे ठरावीक वेळ फक्त आपल्या कुटुंबाला मिळणारं न्हाणीघर असलेलं हॉटेल निवडा. दुखऱ्या मांड्यांना तुम्हालाही त्याचीच गरज पडेल.

शाकाहार हीच खरी अडचण आहे. दिसायला नुसत्या भाज्या असल्या तरी रस्सा ‘दाशी’चा असतो, आणि दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाची. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचे प्रकार, सगळ्यांत ती येते. उतारावरच्या उपाहारगृहात ‘करी राइस’ बघून आपल्या लोकांचे डोळे चमकतात, पण त्या रश्शाच्या वड्यांतही सहसा प्राण्यांची चरबी असते. मासे, मांस, दाशी चालत नाही असं जपानीत लिहिलेलं कार्ड हॉटेलकडून करून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी दाखवा. नागानोत भोपळ्याचं किंवा लाल चवळीसारख्या गोड कडधान्याचं सारण भरलेले ‘ओयाकी’ मिळतात, बरेचदा आजींना चालतील असे, तरी विचारून घ्या. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेणं आणि सोबत तयार पाकिटं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी नेणं. ताजी फळं-भाज्या आणि मांसाचा कुठलाही पदार्थ सामानात नको, विमानतळावर काढून घेतात. गर्दीच्या दिवसांत हाकुबात रात्रीचं जेवण आयत्या वेळी मिळत नाही, टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. लहान खानावळी अजून रोखच घेतात.

औषधांकडे नीट बघा. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली सर्दी-खोकल्याची औषधं जपानात नेता येत नाहीत, आणि आपल्याकडची काही त्यात बसतात. डॉक्टरांकडून घटक तपासून घ्या. प्रवासविम्यात हिवाळी खेळ धरले आहेत का हे लेखी विचारा, साध्या विम्यात ते वगळलेले असू शकतात. रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीपलीकडे जायचं नाही हे मुलीला विशेष बजावा. झाडांच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाचा पोकळ खड्डा असतो, त्यात डोक्यावर पडलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही. हद्दीबाहेरून सोडवून आणण्याचा खर्च तुमच्याकडून घेतात. उतारावर आपल्या खाली असणाऱ्याचा हक्क पहिला, आणि थांबायचं तर कडेला.

बुकिंगचा क्रमही उलटा ठेवा. लोक आधी विमान घेतात. तुम्ही आधी मुलांच्या वर्गाच्या जागा बघा, मग त्या उतारापासून चालत पाच मिनिटांवरची राहण्याची जागा, मग विमान, आणि लगेच व्हिसाचा अर्ज. दिल्लीहून थेट विमानं आहेत, मुंबईहून बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे गेलात तरी चालेल. भाड्याच्या दुकानाचा अर्ज ऑनलाइन भरताना बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये लागतं. मुलांचे पाय निघायच्या आठवड्यात पुन्हा मोजा, चार महिन्यांपूर्वीचं माप चालणार नाही.